‘मले’ अशुद्ध कशावरून?

आपल्या नियतकालिकांतून ग्रंथांची परीक्षा पुष्कळ होते. परंतु ज्या व्याकरणाच्या मापाने आपण ग्रंथांची आणि लेखकांची भाषा मोजतो, त्या मापाचीच परीक्षा करण्याचा प्रसंग क्वचित येतो. माप खोटे निघाले तर आजवरच्या मापणीचे काय, ही भीती त्याच्या मुळाशी असावी. प्रस्तुत लेखकावर तो प्रसंग एका उत्तरपत्रिकेने आणला.

पदवीच्या पहिल्या वर्षातील एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते, “मले गाव सोडवत नाही.” मी ‘मले’ या शब्दाभोवती तांबडे वर्तुळ काढून समासात ‘अशुद्ध’ असा शेरा दिला. पुढे त्याला बोलावून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, “सर, घरी असंच म्हणतात.” त्याच्या घरी असेच म्हणतात हे मला ठाऊक होते, कारण माझ्याही घरी असेच म्हणत. माझे बालपण शिरपूर जैन येथे गेले. शाळेतून आलो की “तुले भूक लागली काय?” हा आईचा पहिला प्रश्न असे. त्याच ‘ले’बद्दल एका शिक्षकांनी भर वर्गात माझे हसे केले होते, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तेच मी दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतीत केले. आम्हां दोघांनाही अशुद्ध ठरविण्याचा अधिकार ज्या शास्त्राने दिला, ते शास्त्र या ठिकाणी काय सांगते हे पाहणे मग मला भाग पडले.

शालेय व्याकरणाचे विभक्तीचे कोष्टक वाचकांस तोंडपाठ असेलच. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. आणि चतुर्थीचेही स, ला, ते. दोन विभक्तींचे प्रत्यय जर अक्षरशः एकच, तर विभक्ती दोन कशा, असा प्रश्न चलाख विद्यार्थ्याने विचारावा. पण तो विचारीत नाही, कारण संस्कृतात त्या दोन आहेत एवढे उत्तर आपण आधीच देऊन ठेवलेले असते. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. ‘ते’ हा प्रत्यय ज्ञानेश्वरांच्या काळी जिवंत होता. आज तो कवितेबाहेर कोणाच्या तोंडी नाही. तरी कोष्टकात त्याचे आसन कायम आहे. उलट ‘ले’ हा प्रत्यय वऱ्हाडात रोज उच्चारला जातो, खानदेशच्या अहिराणीतही तो आहे. पण कोष्टकात त्याचा उल्लेख नाही. मेलेल्याचे नाव पटावर ठेवून जिवंताला दाराबाहेर उभे करणारा हा पट आहे.

परंतु प्रत्ययांच्या यादीपेक्षा गंभीर घोटाळा पुढेच आहे. “मला भूक लागली”, “रामाला आंबे आवडतात”, “मला मळमळते” या वाक्यांत कर्ता कोण? शालेय व्याकरण म्हणते, पहिल्यात भूक आणि दुसऱ्यात आंबे. तिसऱ्यात तर कर्ताच सापडत नाही, म्हणून क्रियेचा भाव हाच कर्ता मानून क्रियापदास भावकर्तृक हे नाव दिले जाते. ज्याला भूक लागली, ज्याला आंबे आवडतात, ज्याच्या पोटात ढवळते, तो मनुष्य वाक्याच्या आरंभी बसलेला असूनही व्याकरणाला दिसत नाही. हा मनुष्य कोण, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला पुण्यामुंबईच्या ग्रंथांत मिळण्यापूर्वी उत्तर अटलांटिकमधील एका बेटाच्या व्याकरणात मिळाले, हे सांगण्यास संकोच वाटतो. पण ते खरे आहे.

त्या बेटाच्या भाषेचा आणि आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. रास्मुस रास्क या डेन्मार्कच्या पंडिताने 1811 मध्ये आइसलंडच्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. 1818 मध्ये त्याचा जुन्या नॉर्स भाषेच्या उगमावरील निबंध छापला गेला. तौलनिक भाषाशास्त्राच्या पायाच्या दगडांत त्याची गणना होते. हाच रास्क रशिया व इराण ओलांडून 1820 मध्ये मुंबईस उतरला आणि अवेस्त्याच्या भाषेविषयीचा आपला प्रबंध त्याने येथेच लिहिला. दादोबा पांडुरंग तर्खडकर तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ निघाले ते 1836 मध्ये. रास्कचे एक सूत्र मात्र दादोबांच्या पिढीपर्यंत पोहोचले नाही. भाषेची ओळख तिच्या शब्दसंग्रहावरून पटवू नये, तिच्या रचनेवरून पटवावी, असे तो सांगे. कारण शब्द एका भाषेतून दुसरीत सहज जातात, रूपे आणि रचना इतक्या सहज जात नाहीत.

आइसलंडची भाषा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेकडून निघालेल्या लोकांनी ते बेट वसविले, आणि त्यांनी बरोबर नेलेली भाषा तेथे रूपांच्या बाबतीत फारच थोडी झिजली. नामाला तीन लिंगे आणि चार विभक्ती अजून आहेत. ‘हेस्तुर’ म्हणजे घोडा. इंग्रजीतील निश्चयवाचक उपपद जसे नामापूर्वी सुटे येते तसे येथे न येता शब्दाच्या शेपटीस जोडले जाते, म्हणून ‘तो घोडा’ या अर्थी ‘हेस्तुरिन’. चतुर्थीत नामही विकार पावते आणि शेपटीही, तेव्हा रूप होते ‘हेस्तिनुम’. शब्दाच्या पोटातील स्वरही बदलतात: ‘फोतुर’ म्हणजे पाऊल, त्याचे अनेकवचन ‘फाइतुर’. इंग्रजीतील ‘फूट’ आणि ‘फीट’ ही त्याच बदलाची खूण आहे. पुढच्या अक्षरातील इकाराने मागचा स्वर आपल्याकडे ओढला. कालांतराने इंग्रजीत तो इकार गळाला, पण त्याने दिलेला ओढा शब्दाच्या पोटात राहिला.

यात मराठी माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही. ‘देऊळ’ म्हणणारे मूल ‘देऊळात’ म्हणत नाही, ‘देवळात’ म्हणते. ‘घोडा’ म्हणणारे ‘घोडाला’ म्हणत नाही, ‘घोड्याला’ म्हणते. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द जी मुरड घेतो तिला आपण सामान्यरूप म्हणतो, आणि मराठीच्या शब्दरचनेचा तोच कणा आहे. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा ती मुरड कधी चुकत नाही. व्याकरण शाळेत जन्मत नाही, घरात जन्मते, याला याहून दुसरा पुरावा नको.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आइसलंडचा मनुष्य “मला थंडी वाजते” या अर्थी “म्येर एर काल्त” म्हणतो. यातील ‘म्येर’ ही प्रथमपुरुषी सर्वनामाची चतुर्थी, आपल्या ‘मला’सारखी. आवडणे, वाटणे, कंटाळा येणे अशा पुष्कळ क्रियापदांशी तेथे अनुभव घेणारा मनुष्य चतुर्थीत येतो, आणि क्रियापद त्याच्याकडे न पाहता आवडणाऱ्या वस्तूच्या वचनाकडे पाहते. नेमके “रामाला आंबे आवडतात” याप्रमाणे. कित्येक पिढ्यांचे पाश्चात्त्य वैयाकरण अशा वाक्यांना कर्तृहीन म्हणत आले, कारण लॅटिनच्या साच्यात प्रथमेवाचून कर्ता बसत नव्हता. 1970 नंतर मात्र आइसलंडचे होस्कुल्दुर थ्राइन्सन, अमेरिकेचे अॅव्हरी अँड्र्यूज इत्यादी अभ्यासकांनी प्रश्न उलटा केला. विभक्ती बाजूला ठेवून त्यांनी विचारले, की वाक्यात कर्त्याला जे हक्क असतात ते या चतुर्थीतील मनुष्याला आहेत काय? तपासाअंती उत्तर आले की आहेत, आणि बहुतेक सर्व आहेत.

ती कसोटी मराठीस लावून पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. “रामाने गोविंदाला आपले पुस्तक दिले.” पुस्तक कोणाचे? रामाचे. ‘आपला’ हा शब्द वाक्याच्या धन्याकडे बोट दाखवितो, घेणाऱ्याकडे नव्हे. आता “रामाला आपले गाव आवडते.” गाव कोणाचे? रामाचेच. प्रत्यय दोन्हीकडे ‘ला’च आहे, पण पहिल्या वाक्यातील गोविंदाला ‘आपला’ हा शब्द मानीत नाही, दुसऱ्यातील रामाला मानतो. आणखी एक कसोटी पाहा. “घरी येऊन गोविंदाने रामाला पाणी दिले”. घरी आला गोविंद. “घरी येऊन रामाला झोप लागली”. घरी आला राम. झोप घरी आली असे कोणीही समजत नाही, जरी शालेय व्याकरणाप्रमाणे वाक्याचा कर्ता झोप हाच आहे.

यावर कोणी म्हणेल की क्रियापद ज्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते तोच कर्ता. तसे असेल तर “रामाने पोळी खाल्ली” येथे क्रियापद पोळीप्रमाणे चालते. तरी पोळीला कर्ता न म्हणता आपण तिला कर्म म्हणतो, प्रयोगाला कर्मणी म्हणतो आणि कर्तेपण रामाकडेच ठेवितो. कोणी म्हणेल, करणारा तो कर्ता, आणि आवडण्यात राम काही करीत नाही. मग “राम पडला”, “राम मेला” येथे तरी राम काय करतो? दोन्ही व्याख्या आपण सोयीप्रमाणे वापरतो. जेथे एक अडते तेथे दुसरी पुढे करितो. ‘मला’ला मात्र दोन्ही दारे बंद.

ही रचना आमच्याकडे नवी आहे असेही नाही. आवडण्याच्या अर्थाच्या धातूंशी जो संतुष्ट होतो त्याला संप्रदान म्हणावे, असा स्वतंत्र नियम पाणिनीने केलेला आहे. म्हणजे ज्याला मोदक आवडतो तो चतुर्थीत जातो ही गोष्ट त्या सूक्ष्म दृष्टीतून सुटली नव्हती. पुढे प्राकृतांत चतुर्थीची रूपे बहुतेक लोपली. बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्र आपल्या व्याकरणाच्या प्राकृत अध्यायात चतुर्थीच्या जागी षष्ठी सांगतात. ज्या मातीत हे स्थित्यंतर घडले तिच्यात आमचे गावही येते. शिरपूरपासून फार दूर नसलेले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथील दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात असून पुढचा व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. तेथील सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतातच रचिले. संस्कृत चतुर्थीचा प्रत्यय येथे विरला, पण रचना विरली नाही. रिकाम्या झालेल्या जागी लोकांनी नवे प्रत्यय आणून बसविले: कोठे ‘ला’, कोठे ‘ले’. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास गुजरातहून येणारा यात्रेकरू “मने भूख लागी” म्हणतो, हिंदी बोलणारा “मुझे भूख लगी” म्हणतो, गावचा शेतकरी “मले भूक लागली” म्हणतो. तिघांचे प्रत्यय निराळे, वाक्याचा सांगाडा एक.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संस्कृत आणि आइसलंडची भाषा एकाच कुळातील आहेत हे खरे, परंतु रचनेतील प्रत्येक साम्य वारशानेच आले असे समजू नये. कन्नड व तेलुगू या निराळ्या कुळातील भाषांतही भूक लागणारा मनुष्य चतुर्थीतच असतो, आणि शेजाराचा परिणाम मराठीवर झाला नसेल असे कोण म्हणेल? वारसा निर्विवाद दिसतो तो रूपांत. गॉथिक ही जर्मानिक शाखेची आपल्याला विस्तृत स्वरूपात उपलब्ध असलेली सर्वांत जुनी भाषा. तिच्यात ‘त्याला’ या अर्थी ‘इम्मा’ आणि ‘कोणाला’ या अर्थी ‘ह्वम्मा’ अशी रूपे आहेत; ती संस्कृतातील ‘अस्मै’, ‘कस्मै’ यांची सख्खी भावंडे. इंग्रजीतील ‘हिम’ आणि ‘हूम’ या शब्दांच्या अखेरीचा मकार हाच त्या ‘स्म’चा उरलेला तुकडा होय.

आता चार भाषा शेजारी ठेवून पाहू. आइसलंडने चतुर्थीचा जुना प्रत्यय राखला आणि त्या मनुष्याचे कर्तेपणही राखले. जर्मन भाषेने प्रत्यय राखला. “मीर इस्ट काल्ट” हे वाक्य तेथे रोज ऐकू येते. पण कसोटीला लावले असता तेथील चतुर्थीतील मनुष्य कर्त्याचे पुरते हक्क गाजवीत नाही, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. इंग्रजीत नामांचे प्रत्यय गळाले, आणि जुन्या इंग्रजीत जे ‘मला आवडते’ होते त्याचे ‘मी आवडतो’ या घाटाचे वाक्य झाले. शेक्सपिअरच्या काळापर्यंत टिकलेले ‘मीथिंक्स’ हे त्या जुन्या घराचे शेवटचे तुळशीवृंदावन. मराठीने चौथी वाट धरली. तिने जुना प्रत्यय गमावला, त्या जागी नवा आणला, आणि रचना व कर्तेपण दोन्ही सांभाळली. या तुलनेचा निष्कर्ष उघड आहे: प्रत्यय हे रचनेचे वस्त्र आहे, शरीर नव्हे. ‘मला’ आणि ‘मले’ यांत शरीर एकच, वस्त्र दोन. त्या मुलाच्या “मले गाव सोडवत नाही” या वाक्यात हा सांगाडा, शक्यतेचे क्रियापद, नकार, सर्व जागच्या जागी होते. मी वर्तुळ काढले ते वस्त्राभोवती, आणि शेरा दिला तो मात्र त्याच्या भाषेला.

आपल्या वैयाकरणांवर अन्याय करण्याचा हेतू नाही. दादोबांसमोर मराठीत नमुना नव्हता. शाळांसाठी व्याकरण हवे होते, आणि संस्कृत व इंग्रजी हे दोनच साचे हाताशी होते. मोरो केशव दामले यांचे 1911 चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ वाचताना तर त्यांच्या व्यासंगापुढे मान लवते. पूर्वसूरींचे एकेक मत घेऊन त्याची चिकित्सा करण्याची त्यांची पद्धत आजही अनुकरणीय आहे. अरविंद मंगरूळकरांनी 1964 मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला, कृष्ण अर्जुनवाडकरांनी जुने वाद पुन्हा तपासले, आणि 1990 साली अमेरिकेत निघालेल्या एका ग्रंथात दक्षिण आशियाई भाषांतील या अनुभवी कर्त्याची चर्चा झाली. तीत मराठीही होती. म्हणजे विद्वानांच्या पातळीवर काम झालेले आहे. माझी तक्रार एवढीच, की हे सर्व शाळेच्या उंबऱ्यापाशी थांबले. आत अजून स, ला, ते हाच घोष चालू आहे.

वऱ्हाडी बोलीकडे तरी परकीयांनी आमच्याआधी पाहिले. ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा मराठीवरील सातवा खंड 1905 मध्ये निघाला, आणि त्याची सिद्धता केली ती स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने. ज्या देशातून आइसलंडची भाषा गेली त्याच देशाचा हा मनुष्य. आणि त्याच्या देशात, काही दऱ्याखोऱ्यांतील बोली सोडल्यास, जुनी चतुर्थी केव्हाच संपलेली. त्या खंडात बोलींचे नमुने एकाच बोधकथेच्या आधारे घेतलेले आहेत. तेथे ‘अशुद्ध’ असा शेरा नाही; हे रूप या प्रदेशात असे आहे, एवढीच नोंद आहे.

तथापि आइसलंडला स्वर्ग समजण्याचेही कारण नाही. तेथे काही क्रियापदांशी अनुभव घेणारा मनुष्य परंपरेने द्वितीयेत येतो: “मिग वांतार”, म्हणजे मला अमुक हवे आहे. नव्या पिढीची जीभ तेथेही चतुर्थीकडे वळली आणि मुले “म्येर वांतार” म्हणू लागली. शिक्षकांनी या प्रवृत्तीला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘चतुर्थीचा रोग’ असा होतो. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी तपास केला तेव्हा दिसले, की मुले बेशिस्त बोलत नाहीत. बहुसंख्य क्रियापदांचा नियम त्यांनी उरलेल्यांना लाविला आहे. तेव्हा ‘रोग’ हा शब्द टाळून ‘चतुर्थीचा कल’ असे म्हणण्याचा प्रघात अभ्यासकांत पडला. तेथील वाद दोन जुन्या विभक्तींमधला आहे आणि आमचा एकाच कामाच्या दोन प्रत्ययांमधला, हा भेद मी विसरत नाही. पण जिला आपण आजार म्हणतो ती पुष्कळदा निराळ्या नियमाची निरोगी भाषा असते, हा धडा दोहींकडे एकच.

आक्षेप अपेक्षित आहे: मग प्रमाणभाषा सोडून द्यावयाची काय? ज्याने त्याने आपल्या गावचे रूप लिहावे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. शिरपूर, सावंतवाडी आणि बेळगाव येथील वाचकांनी एकमेकांचे लिहिणे अडखळल्यावाचून वाचावे यासाठी एक सामायिक रूप लागते, आणि ते ‘मला’ असण्यास माझी हरकत नाही. परंतु सामायिक असणे आणि शुद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्याच्या डाव्या बाजूने जाण्याचा नियम सर्वांच्या सोयीचा असतो; म्हणून उजवी बाजू अपवित्र ठरत नाही. शिक्षकाने मुलाला सांगावे की येथे सर्वांसाठी ‘मला’ लिही. पण तुझ्या आईचे ‘मले’ चूक आहे असे सांगू नये, कारण ते चूक नाही.

या भूमीत हा विचार परका नाही. महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’त अशी आठवण आहे, की पंडित शिष्याने संस्कृतात बोलण्या-लिहिण्याचा आग्रह धरिला तेव्हा नागदेवाचार्यांनी तो मानला नाही, ते ‘अस्मात्-कस्मात्’ आपल्याला कळत नाही, आणि तसे लिहिले तर आपल्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील, असे ते म्हणाले. ज्या ‘स्म’ची भावंडे गॉथिक आणि इंग्रजीत भेटतात त्याचेच नाव नागदेवाचार्यांच्या तोंडी यावे हा योगायोग, पण मुद्दा योगायोगाचा नाही. त्यांनी भाषेची योग्यता कोष्टकावरून ठरविली नाही, ती ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांवरून ठरविली. त्याच पंथातील भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे मराठीचे आद्य व्याकरण मानले जाते. मराठीच्या व्याकरणाची सुरुवात जर या बाजूला झाली असेल, तर या बाजूच्या प्रत्ययाला त्यात बसावयास जागा मागणे हे उद्धटपणाचे होणार नाही.

आमच्या भाषेस 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजातपणाचा पुरावा आपण ताम्रपटांत आणि पोथ्यांत शोधितो, आणि तो तेथे आहेही. पण दोन हजारांहून अधिक वर्षे प्रत्ययामागून प्रत्यय झिजत असता जिने वाक्याचा सांगाडा सांभाळला ती भाषा पोथीत नव्हती. ती भूक लागली काय असे विचारणाऱ्यांच्या तोंडी होती.

ती उत्तरपत्रिका परत देण्यापूर्वी मी ‘अशुद्ध’ हा शेरा खोडला आणि त्याखाली लिहिले, “बोलीरूप. लेखनात: मला.” एक गुण कापला होता तो परत दिला. विद्यार्थ्याने ते वाचले आणि काही न बोलता पत्रिका पिशवीत ठेविली. माझ्या वहीवरचा तसा शेरा खोडावयास मात्र आता कोणी उरले नाही, आणि ज्या ‘ले’बद्दल तो होता ते घरी जाऊन ऐकावयासही नाही.